टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाच्या आई-वडिलांना नेमकी कोणती मदत लागते

नात्यातल्या किंवा शेजारच्या घरात सहा-आठ वर्षांच्या मुलाला मधुमेह झाल्याचे कळते, तेव्हा भेटायला जाणारी माणसे बहुधा दोनच प्रश्न बरोबर घेऊन जातात. "एवढ्याशा पोराला शुगर कशी झाली?" हा पहिला, आणि "गोड फार खायचा का?" हा दुसरा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, परंतु रुग्णालयातून नुकत्याच परतलेल्या आईला दोन्ही प्रश्न आरोपासारखे लागतात, कारण तिने ते स्वतःला आधीच अनेकदा विचारलेले असतात. हा लेख त्या मुलाच्या आई-वडिलांपेक्षा त्यांच्या भोवतीच्या माणसांसाठी, म्हणजे मामा, आत्या, आजी-आजोबा, शेजारी, वर्गशिक्षक, कार्यालयातले सहकारी यांच्यासाठी लिहिला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या घराला सांत्वनापेक्षा हा आजार समजून घेतलेली आणखी एक-दोन माणसे हवी असतात, आणि तो समजून घेणे वाटते तितके अवघड नाही.

हा कोणता मधुमेह

आपल्या परिचयाचा मधुमेह म्हणजे बहुधा चाळिशी-पन्नाशीत होणारा, गोळ्या, चालणे आणि पथ्य यांवर बरीच वर्षे सांभाळता येणारा टाइप २. लहान मुलांना होणारा मधुमेह मात्र बहुतांशी टाइप १ असतो आणि त्याचे कारणच निराळे आहे. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात बीटा पेशी असतात आणि इन्सुलिन तयार करणे हे त्यांचे काम असते. जी रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते, तीच काही मुलांमध्ये या पेशींना परके समजून नष्ट करू लागते. हा प्रकार कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षे, बाहेर काहीही न दिसता चाललेला असतो. बऱ्याचशा पेशी संपल्यावर इन्सुलिन पुरेनासे होते आणि मग थोड्याच आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. अन्नातून आलेली साखर रक्तात असते, पण इन्सुलिनवाचून स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना ती आत घेता येत नाही. भरल्या कोठारापाशी उपाशी बसावे तशी शरीराची गत होते. मूत्रपिंडे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, तिच्याबरोबर पाणीही जाते, म्हणून सारखी तहान लागते. आणि इंधन मिळत नसल्यामुळे शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळू लागते, म्हणून भरपूर खाऊनही मूल वाळत जाते.

काही जनुकांमुळे हा आजार होण्याची शक्यता वाढते, पण प्रतिकारशक्तीला हे वळण नेमके कशाने लागते हे विज्ञानाला अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. गोड खाण्याने तो होत नाही, लसीकरणाने होत नाही, भीती बसल्याने होत नाही, आणि गरोदरपणी आईने आंबे खाल्ल्यानेही होत नाही. "आमच्या घराण्यात तर कुणालाच नव्हते" हे वाक्य सासर-माहेरच्या जमाखर्चात हमखास येते, त्याचे उत्तर असे की टाइप १ झालेल्या बहुसंख्य मुलांच्या जवळच्या नात्यात हा आजार कुणालाच नसतो. सख्ख्या भावंडाला तो होण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास असते. म्हणजे ती इतरांपेक्षा जास्त आहे खरी, पण शंभरातली पंचाण्णव भावंडे त्यातून सुटतात. ही माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम बाहेरच्या माणसाने केलेले अधिक बरे, कारण सुनेने ते केले तर ती स्वतःची बाजू मांडत आहे असे समजले जाते.

निदान कसे झाले यावरही आई-वडिलांची मनःस्थिती अवलंबून असते. मूल सारखे लघवीला जाते, रात्री अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा ते करू लागते, लघवीच्या जागी मुंग्या लागतात, कपडे सैल होतात. या प्रत्येक गोष्टीला घरात काहीतरी साधे कारण सापडते: उन्हाळा आहे, उंची वाढते आहे, शाळेचा ताण आहे. इन्सुलिन फारच कमी पडले की चरबी जळून कीटोन नावाची आम्ले रक्तात साठू लागतात; उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास आणि गुंगी अशी लक्षणे दिसतात आणि मूल अतिदक्षता विभागात पोहोचते. पोटाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया समजून सुरुवातीचे एक-दोन दिवस गेलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून "आधी कसे लक्षात आले नाही?" हा प्रश्न गिळून टाकावा. त्याऐवजी एक गोष्ट स्वतःच्या घरासाठी लक्षात ठेवावी, की ज्या मुलाची तहान आणि लघवी वाढली आहे आणि वजन उतरते आहे, त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही आणि ही तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

स्वादुपिंडाचे काम आता घरात

निरोगी शरीरात स्वादुपिंड दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन सोडत असते आणि जेवणाच्या वेळी त्या जेवणाच्या प्रमाणात एकदम जास्त सोडते. टाइप १ च्या उपचारात याचीच नक्कल करावी लागते. दिवसभर हळूहळू काम करणारे एक इन्सुलिन, साधारणपणे दिवसातून एकदा, आणि प्रत्येक मुख्य जेवणाआधी जलद काम करणारे दुसरे, अशी रोज निदान चार इंजेक्शने होतात. त्यांशिवाय जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना आणि सुरुवातीच्या काळात मध्यरात्रीही बोट टोचून साखर तपासावी लागते. ज्यांना परवडते ते दंडावर चिकटवायचा सेन्सर वापरतात. त्यामुळे टोचणे कमी होते, पण निर्णय घेण्याचे काम कमी होत नाही.

ते निर्णय कसे असतात हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, कारण प्रत्येक मुलाचे प्रमाण त्याचे डॉक्टर ठरवतात आणि ते वेळोवेळी बदलते. समजा, आठ वर्षांच्या एका मुलीला १५ ग्रॅम कर्बोदकांसाठी १ युनिट इन्सुलिन लागते आणि १ युनिटने तिची साखर साधारण १०० ने उतरते. दुपारच्या ताटात दोन मध्यम फुलके, अर्धी वाटी भात, वाटीभर वरण आणि मेथीची भाजी आहे. फुलक्यांचे ३० ग्रॅम, भाताचे १५, वरणाचे १५ आणि भाजीचे नगण्य, असे मिळून ६० ग्रॅम होतात, म्हणजे ४ युनिट. जेवणाआधीची साखर २२० आली आणि ती १२० पर्यंत आणायची आहे, म्हणून आणखी १ युनिट. पाच युनिट टोचले, दहा-पंधरा मिनिटे थांबून मुलगी जेवायला बसली, आणि दोन घास खाऊन म्हणाली, "मला भूक नाही." आता टोचलेले परत घेता येत नाही. आई तिला समजावते, दूध देऊ करते, दर अर्ध्या तासाने तपासते, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, नाही म्हणते तर कशाला बळजबरी करतेस?"

गणित अचूक करूनही उत्तर चुकते, हे या आजारातले सर्वांत दमवणारे सत्य आहे. तेच जेवण, तेच युनिट, तरी काल १४० आणि आज २९०. कारण आज सर्दीची सुरुवात आहे, किंवा परीक्षेची धास्ती आहे, किंवा काल संध्याकाळी मूल तासभर खेळले होते आणि आज पाऊस होता, किंवा सुई सारखी एकाच जागी टोचल्याने तिथली त्वचा गाठाळली आहे. म्हणून "आज किती आली?" असे भेटल्या भेटल्या विचारू नये. आई-वडिलांना आणि मुलालाही तो प्रश्न गुणपत्रिकेवरच्या गुणांसारखा वाटू लागतो, आणि पुढे मुले चांगला आकडा सांगण्यासाठी खोटे बोलू लागतात. साखर चांगली किंवा वाईट नसते. ती वाढलेली, उतरलेली किंवा मर्यादेत असते, आणि त्यावरून पुढचा निर्णय घ्यायचा असतो.

जुन्या पद्धतीची, तुलनेने स्वस्त इन्सुलिने वापरणाऱ्या घरांत वेळेचे बंधन आणखी कडक असते, कारण एकदा इंजेक्शन दिले की ठरलेल्या वेळी मुलाला खावेच लागते. लग्नात किंवा पूजेला असे मूल आले असेल, तर पंगत बसेपर्यंत, नैवेद्य दाखवून होईपर्यंत किंवा मोठ्यांचे आटोपेपर्यंत त्याला थांबवू नये. यजमानाने त्याचे ताट आधी वाढले, एवढ्यानेही त्याच्या आईचा तो दिवस सुसह्य होतो.

औषधाच्या दुकानात जाणाऱ्यासाठी

"काही आणायचे आहे का?" असे विचारणाऱ्याने एक बाब पक्की समजून घ्यावी. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेचे असते, पण १०० युनिटच्या कुप्याही मिळतात, आणि इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये भरायची काडतुसे १०० युनिट तीव्रतेची असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात: ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० युनिटच्या कुपीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने मोजून भरले, तर मुलाला ठरल्यापेक्षा अडीचपट इन्सुलिन जाते, आणि लहान मुलाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून जुन्या कुपीचे आणि सिरिंजचे छायाचित्र बरोबर घेऊन जावे, नाव आणि आकडा दोन्ही ताडून पाहावेत, आणि दुकानदाराने "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" असे सांगून दुसरे काही पुढे केले, तर तिथूनच घरी फोन करावा.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. बर्फाच्या कप्प्यात गोठले की ते निकामी होते आणि पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही. वापरात असलेली कुपी थंड खोलीत साधारण चार आठवडे टिकते, पण विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यातली खोली थंड नसते. ज्या घरांत फ्रिज नाही किंवा वीज तासन् तास जाते, तिथे कुपी पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून माठाच्या गारव्यात ठेवण्याची पद्धत आहे आणि डॉक्टरही ती सुचवतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत मात्र इन्सुलिन दहा मिनिटेही ठेवू नये. शेजाऱ्याच्या फ्रिजमधला एक कप्पा ही या घरांसाठी फार मोठी सोय असते, आणि ती मागायला त्यांना संकोच वाटतो, म्हणून आपण होऊन देऊ करावी.

साखर उतरते तेव्हा

मूल तासाभरासाठी जरी आपल्याकडे राहणार असेल, तरी हा भाग पाठ असायला हवा. इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त झाले, जेवण कमी झाले किंवा खेळ जास्त झाला, तर रक्तातली साखर उतरते. ती ७० च्या खाली गेली की लगेच उपाय करायचा असतो. घरात याला 'लो होणे' किंवा 'हायपो' म्हणतात. हात थरथरतात, घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, भूक लागते. पण लहान मुलांत कधी कधी नुसता चिडखोरपणा, विनाकारण रडणे, गप्प होणे किंवा भलतेच बोलणे एवढेच दिसते. हट्ट समजून मुलाला रागावण्याआधी साखर तपासावी, आणि तपासायचे साधन हाताशी नसेल तर लो आहे असे धरूनच चालावे.

शुद्धीत असलेल्या मुलाला तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात विरघळवून द्यावी. अगदी लहान मुलाला याहून कमी लागते, ते प्रमाण त्याच्या आईकडून आधीच लिहून घ्यावे. पेढा, बर्फी, चॉकलेट किंवा लाडू यांचा या वेळी फारसा उपयोग होत नाही, कारण त्यांतल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून, साखर वर आली नसेल तर तेच पुन्हा करायचे. ती वर आल्यानंतर आणि जेवणाला वेळ असेल तर मग बिस्किटे किंवा पोळीचा घास द्यावा. या सर्व काळात मुलाला एकटे सोडायचे नाही, "जा, स्वयंपाकघरातून साखर घेऊन ये" असे सांगायचे नाही.

मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. साखरेचे पाणी पाजण्याचा मोह या क्षणी सर्वांना होतो, आणि ते श्वासनलिकेत जाऊन मूल गुदमरू शकते. त्याला कुशीवर झोपवावे, घरात ग्लुकॅगॉनचे, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारे इंजेक्शन असेल आणि ते द्यायला शिकलेले कुणी असेल तर ते द्यावे, १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि "टाइप १ आहे, इन्सुलिनवर आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे.

उलटी-जुलाबाच्या आजारपणात याच्या नेमक्या उलट दिशेने चूक होते. मूल जेवत नाही, मग इन्सुलिन कशाला, असा विचार आजी मायेनेच करते. परंतु आजारपणात शरीर स्वतःच साखर वाढवते, आणि इन्सुलिन बंद झाले की कीटोन साठून अतिदक्षता विभागाची पाळी पुन्हा येते. प्रमाण कमी-जास्त करता येते, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. बंद मात्र कधीही करायचे नाही. साखर वाढलेली असताना मुलाला उलट्या होत असतील, तर लघवीतले किंवा रक्तातले कीटोन तपासावेत आणि सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

बरे झाल्याचा भास

निदानानंतर काही आठवड्यांनी पुष्कळ मुलांच्या घरात एक चमत्कार घडल्यासारखा वाटतो. इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होते, रोजची २० युनिटे ८ वर येतात, साखर सतत मर्यादेत राहते. डॉक्टर याला हनिमून पिरियड म्हणतात. बाहेरून इन्सुलिन मिळू लागल्यामुळे उरल्यासुरल्या बीटा पेशींवरचा ताण उतरतो आणि त्या काही काळ पुन्हा बऱ्यापैकी काम करू लागतात. हा काळ काही महिने, क्वचित वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकतो, पण प्रतिकारशक्तीचा हल्ला थांबलेला नसतो आणि अखेरीस त्या पेशीही संपतात.

याच काळात नातेवाईक वैद्यांचे, बाबांचे आणि चित्रफितींचे पत्ते घेऊन येतात. कुणी कारल्याचा रस सांगतो, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी अमक्या गावच्या काढ्याने इन्सुलिन सुटल्याची हकीकत. ती हकीकत सांगणारा दरवेळी खोटे बोलत असतो असे नाही. काढा सुरू करण्याची वेळ आणि हनिमून पिरियड एकत्र आले, की श्रेय काढ्याला मिळते. त्या मुलाचे पुढे काय झाले हे मात्र हकीकतीत येत नाही. कारल्याने किंवा जांभळाने टाइप २ मध्ये थोडा फरक पडतो की नाही हा वाद इथे गैरलागू आहे, कारण ज्या पेशीच उरलेल्या नाहीत त्यांच्याकडून कोणतीही वनस्पती इन्सुलिन काढून घेऊ शकत नाही. या विषयात मी मवाळ राहू शकत नाही. टाइप १ असलेल्या मुलाचे इन्सुलिन बंद करायला सांगणारा माणूस, तो कितीही आपला असला, तरी त्या मुलाचा जीव धोक्यात घालत असतो.

इन्सुलिनच्या आधी काय होत असे, हे या संदर्भात ठाऊक असावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य थोडे लांबवणे एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता, आणि बहुतेक मुले एक-दोन वर्षांत जात. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या स्वादुपिंडातून अर्क मिळवला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. पहिल्या इंजेक्शनचा फारसा उपयोग झाला नाही; जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर दिलेल्या पुढच्या इंजेक्शनांनी तो सावरला आणि आणखी तेरा वर्षे जगला. "इन्सुलिनची सवय लागते" असे म्हणणाऱ्या काकांना हा इतिहास जरूर सांगावा. जे शरीर स्वतःच तयार करत होते आणि आता करू शकत नाही, ते बाहेरून देण्याला सवय म्हणत नाहीत.

ताट, शाळा आणि लोकांचे डोळे

टाइप १ च्या मुलासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. भाकरी, पोळी, वरण, उसळ, भाज्या, दही, अंडी हे घरातले नेहमीचे अन्न त्याला चालते; फक्त किती खाल्ले हे मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन द्यावे लागते. गणपतीत उकडीचा मोदक किंवा होळीला पुरणपोळीही मोजून, इन्सुलिन देऊन, प्रसंगापुरती खाता येते. गोंधळ होतो तो 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटांमुळे आणि उपवासाच्या पदार्थांमुळे. मैद्यातला आणि साबुदाण्यातला स्टार्च शरीरात साखरच होतो, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी गोड नसली तरी साखर जोरात चढवते. पाहुण्यांनी दोन टोके टाळावीत: सर्व मुलांना केक वाढताना याला बाजूला बसवणे हे एक, आणि "घे, आईला सांगू नकोस" म्हणत हातात गुपचूप पेढा ठेवणे हे दुसरे. दुसऱ्यात माया दिसत असली तरी ते अधिक घातक आहे, कारण त्या पेढ्याचा हिशेब कुठेच लागत नाही आणि आईपासून लपवायचे असते हे मूल शिकते. काही द्यायचे असेल तर आधी आईला विचारावे, एवढेच पुरते.

शाळेत तपासणी, इन्सुलिन आणि मधल्या वेळेआधीचे खाणे यांना परवानगी मिळवणे हे आई-वडिलांसाठी एक वेगळेच काम होऊन बसते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या टाइप १ च्या विद्यार्थ्यांना गोड गोळ्या, फळे आणि पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांच्या शिक्षण विभागांना अशा मुलांची शाळांत सोय करण्यास सांगितले. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना याचा उल्लेख उपयोगी पडतो, आणि बरोबर शांतपणे बोलणारा एखादा नातेवाईक असला तर अधिकच. वर्गशिक्षकांना लो झाल्याची लक्षणे आणि उपाय एका कागदावर लिहून द्यावेत. खेळाच्या तासाला मुलाला बाकावर बसवून ठेवू नये; कर्बोदकांचा थोडा खाऊ आधी देऊन आणि साखर तपासून ते सगळे खेळू शकते. वसीम अक्रम यांना कारकीर्द ऐन भरात असताना टाइप १ चे निदान झाले आणि तरीही ते २००३ च्या विश्वचषकापर्यंत वेगवान गोलंदाजी करत राहिले.

मुलगी असेल तर "कुणाला कळू देऊ नका, पुढे लग्नाला अडचण येईल" हा सल्ला निदानाच्या पहिल्याच आठवड्यात येतो, मग ती पाच वर्षांची का असेना. साखर चांगली सांभाळली आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियोजन केले, तर टाइप १ असलेल्या स्त्रियांना निरोगी मुले होतात. लपवण्याचा तोटा मात्र आजच असतो: शाळेत, क्लासमध्ये किंवा मैत्रिणीच्या घरी ती लो झाली, तर काय करायचे हे ठाऊक असलेले कुणीही तिथे नसते.

पैशांचा प्रश्न उघडपणे बोलला जात नाही. इन्सुलिनपेक्षाही तपासणीच्या पट्ट्यांचा खर्च अनेक घरांना जड जातो, आणि तो जड झाला की तपासणी कमी होते. वाढदिवसाला खेळणे देण्याऐवजी त्याच मीटरच्या पट्ट्यांचे दोन डबे द्यावेत. देताना मीटरचे नाव विचारून घ्यावे, कारण एकाच्या पट्ट्या दुसऱ्याला चालत नाहीत. परिस्थिती बेताची असलेल्या घरांसाठी नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान यांसारख्या संस्था टाइप १ च्या मुलांसाठी काम करतात. तिथे इतर मुलांचे आई-वडीलही भेटतात, आणि त्यांच्याशी झालेल्या तासाभराच्या गप्पांतून जे मिळते ते आपल्याला कितीही इच्छा असली तरी देता येत नाही.

आई-वडिलांची झोप

रात्री लो होईल या भीतीने आई किंवा वडील महिनोन्महिने सलग झोपत नाहीत. पुष्कळदा आई नोकरी सोडते, कारण मुलाला इन्सुलिन देणारे दुसरे कुणी नसते. तेव्हा "काही लागले तर सांग" असे म्हणून निघण्याऐवजी निश्चित काहीतरी उचलावे. त्यांच्याबरोबर एकदा तपासणीला जावे, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ काय सांगतात ते ऐकावे, परिचारिकेकडून सुई टोचायला आणि मीटर वापरायला शिकावे, आणि मुलाची भीड चेपल्यावर आठवड्यातली एक संध्याकाळ, पुढे जमल्यास एक रात्र, आपल्याकडे घ्यावी. हे जमणार नसेल तर विजेचे बिल भरावे, डबा पाठवावा, थोरल्या भावाला पोहायला घेऊन जावे. त्या भावाकडे या काळात कुणाचे लक्ष नसते. आपल्यालाही हे होईल का, किंवा आपण भांडलो म्हणून तर त्याला हे झाले नाही ना, असे त्याच्या मनात येत असते आणि विचारायची सोय नसते.

आई सतत रडत असेल, तिचे जेवण सुटले असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडे उलटूनही कमी होत नसेल, तर ते केवळ काळजी म्हणून सोडून देऊ नये. तिला स्वतःच्या उपचारांची, समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञांची गरज असू शकते. वडिलांच्या बाबतीत हेच चिडचिड, घराबाहेर राहणे किंवा दारू या रूपांत दिसते.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी निदानानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. त्या वेळी रुग्णालयाचे मार्गदर्शन ताजे असते आणि लवकरच हनिमून पिरियडही येतो, त्यामुळे आकडे बरे येऊ लागतात. कठीण काळ बहुधा त्यानंतर, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सुरू होतो: इन्सुलिनची गरज वाढत जाते, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी पहिल्यांदाच वाईट येते, आपलेच काही चुकले असे आई-वडिलांना वाटते, आणि तोवर सर्वांच्या लेखी तो विषय जुना झालेला असतो. आपल्या दिनदर्शिकेत एखादी खूण करून ठेवायची असेल, तर ती निदानानंतरच्या आठव्या-नवव्या महिन्यावर करावी, आणि त्या वेळी फोन करून मुलाची साखर किती आहे हे न विचारता, येत्या शनिवारी त्याला आपल्याकडे राहायला पाठवता का, असे विचारावे.